पिंजऱ्याच्या वाटेने येणारा रोग

विदेशी पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून वन्यजीवांमध्ये पसरणारे रोग हा विषय बीड जिल्ह्यात मांडण्याचे प्रयोजन आधी सांगितले पाहिजे, कारण हा जिल्हा समुद्रापासून दूर आहे, येथे प्रवासी विमानतळ नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वेसुद्धा २०२५ साली पोहोचली. इग्वाना, अजगर, मकाव, आफ्रिकेतील करडे पोपट यांचा शौक मुंबई-पुण्यातील सधन घरांचा, आणि त्यातून उद्भवणारी संकटे तिकडचीच, अशी समजूत येथे असणे स्वाभाविक आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. प्राणी परदेशातला आहे एवढ्यावरून त्याच्यापासूनचा धोका ठरत नाही. तो ठरतो व्यापाराच्या रीतीवरून, म्हणजे रानातून पकडणे, निरनिराळ्या मुलखांतील जीव एकाच छपराखाली दाटीवाटीने कोंडणे, अन्नपाण्याविना दूरवर नेणे आणि हौस फिटली की मोकळ्यावर सोडून देणे या चार क्रियांवरून. या चारही क्रिया परदेशी मकावच्या बाबतीत जशा घडतात, तशाच आठवडी बाजारात लपूनछपून विकल्या जाणाऱ्या देशी पोपटाच्या बाबतीतही घडतात, आणि म्हणून जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगररांगांतील गावे या साखळीच्या बाहेर राहत नाहीत.

येथे दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करून घेणे सोयीचे होईल. ज्या प्राण्याचे मूळ वसतिस्थान भारताबाहेर आहे आणि जो हौसेखातर बाळगला जातो तो विदेशी पाळीव प्राणी. या व्याख्येत लाखो रुपयांचा मकाव बसतो, तसेच त्या मानाने स्वस्तात मिळणारे लव्हबर्ड, बजरीगर आणि काचेच्या टाकीतले गोल्डफिशही बसतात. दुसरी संज्ञा संसर्गाच्या उडीची. एखादा जंतू एका जातीच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या फारसा त्रास न देता राहतो. ती जात त्याची साठेदार असते. तोच जंतू, जिने तो कधी पाहिलेला नाही अशा दुसऱ्या जातीच्या शरीरात गेला की प्रतिकाराची तयारी नसल्याने तेथे मर सुरू होते. निसर्गात या दोन जातींमध्ये समुद्र, वाळवंट किंवा पर्वत आडवा असतो. व्यापाऱ्याच्या गोदामात त्यांच्यामध्ये एक जाळी असते.

या उडीचा सर्वांत स्वच्छ नोंदवला गेलेला दाखला अमेरिकेतील आहे. एप्रिल २००३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशातून टेक्सास राज्यात सुमारे आठशे लहान सस्तन प्राण्यांची खेप उतरली. तिच्यात मोठे गॅम्बियन उंदीर, खारी आणि डॉर्माइस नावाचे छोटे कृंतक होते. कृंतक म्हणजे सतत वाढणाऱ्या दातांनी कुरतडणारे प्राणी. त्यांपैकी काहींच्या अंगी मंकीपॉक्सचा विषाणू होता. पुढे इलिनॉय राज्यातील एका विक्रेत्याकडे हे आफ्रिकी प्राणी आणि अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात राहणारे प्रेअरी डॉग हे कृंतक जवळजवळ ठेवले गेले, विषाणू एकातून दुसऱ्यात गेला, आणि प्रेअरी डॉग विकत घेणाऱ्या घरांतून तो माणसांपर्यंत पोहोचला. सहा राज्यांत मिळून निश्चित आणि संभाव्य असे ४७ रुग्ण नोंदले गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. रुग्णांच्या अंगावरील फोडांइतकीच चिंता आरोग्य यंत्रणेला दुसऱ्या एका गोष्टीची होती: हा विषाणू सुटलेल्या पाळीव प्राण्यांमार्फत अमेरिकेच्या रानातील कृंतकांत शिरला असता, तर तेथे त्याला कायमचे घर मिळाले असते. म्हणूनच त्या वर्षी आफ्रिकी कृंतकांची आयात आणि प्रेअरी डॉगची विक्री व वाहतूक दोन्ही रोखली गेली.

पोपटांचा इतिहास याहून जुना आहे आणि मराठी वाचकाला अधिक जवळचाही आहे. १९२९-३० च्या हिवाळ्यात अर्जेंटिनातून निर्यात झालेल्या हिरव्या पोपटांबरोबर सिटॅकोसिस नावाचा श्वसनाचा विकार युरोप-अमेरिकेत पसरला. क्लॅमिडिया सिटॅसी या जिवाणूमुळे होणारा हा विकार पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे माणसाला जडतो आणि न्यूमोनियाचे रूप घेतो. त्या साथीत अनेक देशांत मिळून शेकडो माणसे आजारी पडली, आणि जानेवारी १९३० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पोपटांची आयात थांबवणारा आदेश काढावा लागला. या जिवाणूची खोड अशी की तो धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यात दडून राहतो आणि उपासमार, थंडी, गर्दी किंवा प्रवास यांनी पक्षी खचला की बाहेर पडू लागतो. म्हणजे व्यापाराची वाट हीच त्याच्या जागे होण्याची वाट ठरते. पिंजऱ्यात आजारी दिसणारा पक्षी गिऱ्हाईक घेत नाही. धोका जो चांगला दिसतो त्याचाच अधिक असतो.

मानमोडीचे उदाहरण याच जातीचे आहे. परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हा रोग पशुवैद्यकाने सांगावा लागत नाही: कोंबडी मान वाकडी करते, हिरवी पातळ हगते, पाय ओढते आणि चार दिवसांत खुराडे रिकामे होते. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १९२६ मध्ये आणि भारतात हिमालयातील राणीखेत येथे १९२७ मध्ये ओळखला गेल्यामुळे याची दोन गावांवरून दोन नावे पडली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात या रोगाची जबर लाट आली, तिचे मूळ शोधता शोधता तपास आयात केलेल्या शोभेच्या पक्ष्यांपर्यंत पोहोचला, आणि ती आटोक्यात येईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. काही जातींचे पोपट हा विषाणू महिनोन्‌महिने विष्ठेतून टाकत राहतात आणि तरी स्वतः आजारी दिसत नाहीत, हे त्या निमित्ताने स्पष्ट झाले. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या मागे घरी राहिलेल्या म्हातारीच्या हाताशी मीठमिरचीच्या खर्चापुरती असते ती परसातली दहा-वीस कोंबडी. तेव्हा शेजारच्या ओट्यावर टांगलेल्या पिंजऱ्याचा प्रश्न तिच्या दृष्टीने केवळ हौसेचा राहत नाही.

पोपटांच्या तिसऱ्या रोगात भारताची भूमिका उलट्या दिशेची आहे. चोच व पिसांचा रोग या नावाने ओळखला जाणारा विकार सर्कोव्हायरस गटातील विषाणूमुळे होतो. त्यात पिसे झडतात, नवी वाकडी येतात, चोच वेडीवाकडी वाढते आणि प्रतिकारशक्ती ढासळल्याने पक्षी दुसऱ्याच एखाद्या आजाराने मरतो. हा विषाणू पिसांच्या धुळीत आणि ढोलीच्या तळाशी दीर्घकाळ टिकतो, हे त्याचे खरे बळ. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर त्याने तेथील एकमेव उरलेल्या देशी पोपटाला, एको पॅराकीटला, ग्रासले. आणि त्या बेटावर विषाणूचे आश्रयस्थान ठरू शकणारी दुसरी जात कोणती, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यांतून सुटून तेथे स्थायिक झालेला गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट. मराठवाड्यात ज्वारीच्या कणसांवर थव्याने उतरणारा, राघू म्हणून लाडावलेला पक्षी तो हाच. लंडनच्या बागांपासून मॉरिशसच्या जंगलापर्यंत तो पसरला तो पंखांच्या जोरावर नव्हे. माणसाने त्याला पिंजऱ्यातून नेले. आपण रोग आयात करतो एवढेच पाहणारी दृष्टी अपुरी आहे. भारतानेही पक्षी निर्यात केले आहेत, आणि पक्ष्याबरोबर काय गेले याचा हिशेब त्या काळी कोणी ठेवला नाही.

बेडकांची हानी या सर्वांहून मोठी आहे. कायट्रिड गटातील एक सूक्ष्म बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते. बेडूक कातडीवाटे पाणी आणि क्षार घेत असल्याने कातडी जाड झाली की क्षारांचा तोल बिघडून त्याचे हृदय बंद पडते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही बुरशी ओळखली गेली, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या असून त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. जनुकीय अभ्यासांनी तिचे मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या परिसरात दाखवले आणि विसाव्या शतकात ती जगभर जाण्याचा संबंध उभयचरांच्या व्यापाराशी जोडला. हीच गोष्ट सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचरांच्या बाबतीत नेदरलँड्समध्ये पुन्हा घडली. तेथील देशी सॅलॅमँडर जवळजवळ संपवणारी दुसरी बुरशी २०१३ मध्ये वर्णिली गेली आणि तिचा माग आशियाई सॅलॅमँडरच्या पाळीव व्यापाराकडे गेला. अमेरिकेने मात्र रोग येण्याची वाट न पाहता २०१६ मध्ये सॅलॅमँडरच्या २०१ जातींची आयात थांबवली. रोग पोहोचण्यापूर्वी दार लावल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत. सह्याद्रीच्या उत्तर भागातील बेडकांवर नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही कायट्रिड बुरशी आढळली, परंतु ती आशियात पूर्वीपासून नांदणाऱ्या वंशप्रकाराची होती. यावरून निर्धास्त होणे चुकीचे आहे, कारण पूर्वीपासूनचा वंश सोसणाऱ्या बेडकांना बाहेरून आलेला जहाल वंश सोसवेलच असे नाही, आणि टाकीतील शोभेचे उभयचर व त्यांचे पाणी ओढ्यात ओतण्यापासून कोणाला अडवणारी यंत्रणा महाराष्ट्रात नाही.

आता बीडकडे. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्रातील बर्ड फ्लूबाधित ठिकाणांची जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यात परभणी जिल्ह्यातील कोंबड्यांबरोबर मुंबई, ठाणे, दापोली आणि बीड ही नावे होती. परभणीच्या मुरुंबा गावात शेडमधील शेकडो कोंबड्या दगावल्या होत्या; बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात जे मरून पडले ते कावळे होते. याच पाटोदा तालुक्यात मोरांसाठी राखलेले नायगाव मयूर अभयारण्य आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरू लागले आणि त्यांच्यातही बर्ड फ्लू असल्याचे निदान झाले. त्याच सुमारास, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले, आणि भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने त्यांच्यात एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे सांगितले. पक्ष्यांचा म्हणून ओळखला जाणारा रोग मार्जारकुळात गेल्याची ही नोंद महाराष्ट्राच्या वन्यजीव इतिहासात ठळकपणे राहील.

यांपैकी एकाही घटनेचे खापर पाळीव पक्ष्यांच्या व्यापारावर फोडता येणार नाही, आणि तसे फोडणे अभ्यासकाला शोभणारही नाही. स्थलांतरित पाणपक्षी आणि कुक्कुटपालनाचा मोठा उद्योग यांतून हा विषाणू फिरतो, हे सुस्थापित आहे. परंतु तिसरी वाटही उघडी असल्याचा पुरावा आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या हातातील सामानात दोन गरुड दडवलेले सापडले, तपासणीत ते एच५एन१ बाधित निघाले, आणि पाठोपाठ २००५ मध्ये इंग्लंडमधील एका विलगीकरण केंद्रात तैवानहून आलेल्या शोभेच्या पक्ष्यांत हाच विषाणू सापडला. विलगीकरण म्हणजे नव्याने आलेल्या प्राण्याला ठरावीक काळ इतरांपासून वेगळे ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवणे. त्यानंतर युरोपीय संघाने रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात आधी तात्पुरती आणि २००७ पासून कायमची बंद केली. थायलंडकडून मुंबईकडे येणारी वाट आजही वाहती आहे: जून २०२५ च्या आरंभी मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी थायलंडहून परतलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून चाळीसहून अधिक विषारी साप आणि काही कासवे जप्त केली. पकडलेला माल परत पाठवता येतो. न पकडलेला माल मात्र कुरिअरने, खासगी बसच्या डिकीतून आणि मोबाइलवरील गटांतून तालुक्याच्या गावापर्यंत जाऊ शकतो, आणि त्याच्याबरोबर आरोग्याचा कोणताही दाखला नसतो.

कायद्याचा विचार करताना एक मूलभूत त्रुटी डोळ्यांत भरते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा देशी जातींच्या रक्षणासाठी झाला. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंठीवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे घरातल्या पिंजऱ्यातला राघू हा गुन्ह्याचा विषय आहे. विदेशी जाती मात्र दीर्घकाळ या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिल्या. जून २०२० मध्ये केंद्राने अशा जाती बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याचे आवाहन केले आणि मुदतीत माहिती देणाऱ्यांकडून कागदपत्रे मागितली जाणार नाहीत असे सांगितले. पुढे २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनी, आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स या करारातील जातींची नोंदणी सक्तीची केली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण या सगळ्या व्यवस्थेचा मुख्य प्रश्न प्राणी कोणत्या जातीचा आणि कोणाच्या मालकीचा, हा आहे. त्याच्या अंगी काय आहे, हा नाही. रोगाचा प्रश्न दुसऱ्या कायद्याकडे, २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाकडे जातो. तो पशुसंवर्धन खात्याचा, आणि त्याची मूळ रचना गुरेढोरे, शेळ्यामेंढ्या, घोडे, डुकरे, कोंबड्या यांच्याभोवती झालेली आहे. परिणामी पिंजऱ्यातला बजरीगर वनखात्याच्या दृष्टीने वन्यजीव नाही आणि व्यवहारात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दृष्टीने जनावरही नाही. रोगाला राहायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

सोडून देण्याच्या क्रियेकडे समाजाचे दुर्लक्ष सर्वांत जास्त आहे, कारण ती पुण्याची मानली जाते. पोपट आणून सणाच्या दिवशी उडवणे, मोठे झालेले लाल कानाचे कासव देवळाच्या बारवेत किंवा धरणात सोडणे, टाकीतील सकर मासा तळ्यात टाकणे यांत दया असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातील कासवांमध्ये श्वसनमार्गाचा जो जिवाणूजन्य रोग आढळला आणि ज्याच्या भीतीने त्या जातीला १९८९ मध्ये तातडीने संरक्षण द्यावे लागले, त्याच्या फैलावात घरी पाळून नंतर वाळवंटात सोडलेल्या कासवांचा वाटा असावा असे अभ्यासक मानतात. सुटका झालेला जीव रानात परत जाण्यापूर्वी विलगीकरण आणि तपासणी हवी, हा नियम वन्यजीव वैद्यकात सर्वमान्य आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ तारांकित कासवे कर्नाटकात परत आणली गेली तेव्हाही ती थेट जंगलात सोडली नाहीत, आधी वेगळी ठेवली गेली. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सर्पराज्ञी हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. जखमी मोर, हरणे, साप यांना आसरा देणाऱ्या अशा केंद्राला विलगीकरणाच्या वेगळ्या खोल्या, रक्ताचे नमुने गोळा करून पाठवण्याची सोय आणि पशुवैद्यकाचा नियमित वेळ मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी आहे, कारण गोरेवाड्याने दाखवून दिल्याप्रमाणे बचाव केंद्र हीसुद्धा रोग शिरू शकणारी जागा असते.

या विषयात दोष ठेवण्याची एक सवय लागलेली आहे आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पक्षी पकडण्याचे पिढीजात कसब असलेल्या पारधी समाजाकडे बोट दाखवून चर्चा संपवली जाते. ज्या समाजाला इंग्रजी राजवटीने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि स्वातंत्र्यानंतरही ज्याच्या हाती जमीन आली नाही, त्याला फाशातल्या तित्तरांचे जे चार पैसे मिळतात, त्याच्या कित्येक पट नफा शहरातील विक्रेता आणि समाजमाध्यमांवरील दलाल कमावतो. रानातील थव्यांत कोठे मर आहे, कोणत्या पाणवठ्यावर पक्षी गळून पडले आहेत, हे सर्वांत आधी या लोकांना कळते. त्यांना मानधन देऊन रोगनिरीक्षणात सामावून घेतले, तर जिल्ह्याला पक्ष्यांच्या मरीची वर्दी मिळण्यास उशीर होणार नाही.

जिल्हा पातळीवर करता येण्याजोगे काम फारसे खर्चाचे नाही. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार पिंजऱ्यातील पक्षी विकणाऱ्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते; बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथे ही नोंदणी तपासली जावी. नेकनूरसारख्या जनावरांच्या बाजारात पशुवैद्यकांनी कोंबड्यांच्या टोपल्यांबरोबर पिंजऱ्यांकडेही पाहावे, आणि वनखाते व पशुसंवर्धन खाते यांनी मेलेल्या पक्ष्यांची एकच नोंदवही ठेवावी. नागरिकांकडे मागणे याहूनही थोडे आहे: पाळलेला विदेशी पक्षी, कासव किंवा मासा कोणत्याही कारणाने मोकळ्यावर सोडू नये, आणि शिवारात दोन-तीन कावळे एकाच वेळी मेलेले दिसले तर त्यांना हात न लावता त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.